उघड कोणाला, आणि केव्हा? दोन सिमकार्डांच्या पेटंटाची गोष्ट

आजचा धागा किल्ल्यांचा नाही, मोहिमांचा नाही, ताम्रपटांचाही नाही. फोन आणि फोनला जोडावयाच्या वस्तूंचा आहे. तरीही तो इतिहासाचाच आहे असा माझा दावा आहे. शेवटपर्यंत वाचूनही पटला नाही, तर खुशाल भांडावे.

नेरूळ स्थानकाबाहेर पडले की अशा वस्तूंची टोपली कोठे ना कोठे दिसतेच. फोनच्या पाठीला चिकटवावयाच्या अंगठ्या, दुचाकीच्या दांड्याला अडकवावयाचे होल्डर, एका टोकाला तीन तोंडे फुटलेल्या केबली, सेल्फी स्टिक. त्यांतली कोणतीही वस्तू हातात घेतली की ओठांवर एकच वाक्य येते : यात काय मोठेसे, हे तर कोणालाही सुचले असते. गप्पांमध्ये हे वाक्य निरुपद्रवी असते. पेटंटच्या वादात मात्र त्याच वाक्यावर कोट्यवधींचा माल बंदरात अडतो किंवा सुटतो, आणि एखाद्याचे पेटंट टिकते किंवा रद्द होते.

कायदा काय म्हणतो ते आधी थोडक्यात. आपला पेटंट कायदा १९७० चा. शोध नवा हवा, उद्योगात वापरता येण्याजोगा हवा आणि त्यात 'शोधाची पायरी' हवी, अशा त्याच्या तीन अटी आहेत. तिसऱ्या अटीची व्याख्या २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि २००५ च्या दुरुस्तीने तिला आजचे रूप मिळाले. उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही असावे. आणि त्या विषयात निपुण असलेल्या व्यक्तीला तो शोध उघड, म्हणजे सहज सुचण्याजोगा, नसावा.

ही निपुण व्यक्ती काल्पनिक आहे. ती प्रतिभावंत नाही आणि अडाणीही नाही. आपल्या धंद्यातले सर्व प्रसिद्ध लिखाण तिला ठाऊक असते, हात चांगला असतो; नवे काही स्फुरण्याची अपेक्षा मात्र तिच्याकडून नसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती एका ठरावीक तारखेला उभी असते. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, त्या दिवसाच्या पलीकडचे तिला काही दिसत नाही.

इतिहासाच्या वाचकाने येथे कान टवकारावेत. त्या तारखेला उभे राहून पाहणे ही आपलीच विद्या आहे, आणि तीत आपण वारंवार नापास होतो. पानिपताचेच घ्या. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे व दिल्ली यांच्या मध्ये आला. आज नकाशा पसरून बसणारा प्रत्येक जण सांगतो की यमुनेचे उतार राखायला हवे होते, यात्रेकरू आणि कुटुंबकबिला मागे ठेवायला हवा होता, हे उघड होते. उघड कोणाला? त्या नकाशावर दोन्ही सैन्ये रंगवलेली आहेत आणि १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ आपल्याला ठाऊक आहे. भाऊंच्या छावणीत यांपैकी काहीच नव्हते. मराठीत याला पश्चातबुद्धी असा नेमका शब्द आहे. पेटंटचा निवाडा करणाऱ्याचा मोठा शत्रू हीच पश्चातबुद्धी. २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सहजसुचण्याच्या तपासणीचे टप्पे मांडले, तेव्हा ती टाळण्याची ताकीद त्या टप्प्यांतच घातली आहे.

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे वळू.

त्यासाठी २००२ सालच्या नेरूळात जावे लागेल. त्या काळी मोबाइल सेवेचे परवाने मंडलांनुसार असत. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण या दूरध्वनी केंद्रांचे क्षेत्र मिळून मुंबई मंडल. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. म्हणजे नेरूळचा माणूस घाट चढून पुण्यात गेला की त्याचा फोन परमुलखात जाई आणि रोमिंगचा आकार सुरू होई. येणाऱ्या कॉललाही पैसे पडण्याचे ते दिवस. ती पद्धत २००३ मध्ये उठली. त्यामुळे ज्याचे काम दोन्हीकडे, त्याच्या पाकिटात दोन सिमकार्डे असत. घाटापलीकडे गेले की फोनची पाठ उघडायची, बॅटरी काढायची, चिमुकले कार्ड बदलायचे. तरुण वाचकांना हे पुराणातले वाटेल, पण ज्यांनी केले त्यांच्या नखांना ते अजून आठवत असेल.

गरज अशी रस्त्यावर उभी होती. ४ मार्च २००२ रोजी तमिळनाडूतील एस. रामकुमार यांनी निरनिराळ्या जाळ्यांची अनेक सिमकार्डे सामावणाऱ्या मोबाइल फोनसाठी पेटंटचा अर्ज केला. दाव्यात सिमकार्डांच्या अनेक खोबणींबरोबर हेडफोनच्या अनेक खोबणी आणि ब्लूटूथ यांचाही समावेश होता. २००८ मध्ये पेटंट मंजूर झाले, क्रमांक २१४३८८. तोवर दोन सिमचे फोन भारतीय बाजारात शिरू लागले होते आणि बहुतेक बाहेरून येत होते. रामकुमार यांनी २००७ च्या बौद्धिक संपदा अंमलबजावणी नियमांचा आधार घेऊन कस्टम्सकडे नोंद केली, त्याबरोबर आयातदारांच्या खेपा अडू लागल्या. २००९ मध्ये प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. सॅमसंग, स्पाइस यांसारख्या कंपन्या पेटंट रद्द करून घेण्यासाठी बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे गेल्या. न्या. प्रभा श्रीदेवन यांच्या अध्यक्षतेखालील त्या मंडळाने जून २०१२ मध्ये ते पेटंट रद्द केले. त्यात शोधाची पायरी नाही, असा निष्कर्ष निघाला.

निकाल बरोबर होता असे माझे मत आहे. मात्र ज्या कारणासाठी बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या ते कारण चूक होते, असेही माझे मत आहे, आणि हा धागा त्या दुसऱ्या मतासाठीच लिहिला आहे.

लोकांचे कारण काय होते? एकाच्या जागी दोन कार्डे, यात कसला शोध. शेंबडे पोरही सांगेल. हे पश्चातबुद्धीचेच बोलणे. २०१२ मध्ये प्रत्येकाच्या खिशात दोन सिमचा फोन होता, म्हणून तो शेंबड्या पोराला सुचला. शिवाय या बोलण्यात गरज आणि उपाय यांची गल्लत आहे. दोन कार्डे एकत्र असावीत ही गरज २००२ मध्ये पुणे-मुंबई करणाऱ्या प्रत्येकाला कळत होती. गरज उघड होती म्हणून उपाय उघड ठरत नाही. उलट एखादी गरज वर्षानुवर्षे सर्वांना सलत असेल, जाणत्यांनी प्रयत्न करूनही ती भागली नसेल आणि मग एक जण ती भागवत असेल, तर न्यायालये ते शोधाच्या बाजूचे लक्षण मानतात.

मग बरोबर कारण कोणते? त्यासाठी ४ मार्च २००२ च्या अलीकडची कागदपत्रे धुंडाळावी लागतात, दप्तरखान्यात बखरी आणि पत्रे धुंडाळतात तशीच. आणि ती सापडतात. फिनलंडच्या बेनेफोन कंपनीने २००० मध्ये 'ट्विन' नावाचा दोन सिमकार्डांचा फोन बाजारात आणला होता. त्या सुमारास एक गमतीची जोडवस्तूही मिळू लागली होती : कार्डे कातरून दोन चिपा एका छोट्या पट्टीत बसवायच्या आणि ती पट्टी एकाच खोबणीत सरकवायची. फोन बंद-चालू केला की एक जाळे जाऊन दुसरे येई. ओबडधोबड उपाय, पण गरज भागवणारा. म्हणजे त्या तारखेला उभ्या असलेल्या निपुण कारागिरापुढे केवळ गरज नव्हती, उपायाचे नमुनेही होते.

येथे कायद्याचे कलम ३(फ) आठवावे. ज्ञात साधने नुसती शेजारी मांडली, उलटसुलट मांडली किंवा एकाची दोन केली, आणि प्रत्येक साधन आपापले पूर्वीचेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोध नव्हे असे ते कलम सांगते. दोन सिम, दोन हेडफोनच्या खोबणी : दुप्पट झाले खरे, पण एकामुळे दुसऱ्यात काय पालटले? या प्रश्नाला पेटंटात उत्तर हवे होते.

कारण दोन सिमच्या फोनमध्ये खरी अडचण होती आणि ती खोबणीत नव्हती. फोन स्वस्त ठेवायचा तर त्यात रेडिओ एकच ठेवावा लागतो. जाळे आपल्या फोनला ठरावीक क्षणांनी हाक मारते. फोन तेवढ्यापुरता जागा होतो, हाक ऐकतो, पुन्हा झोपतो. जाळी दोन झाली की दोन हाका कधी एकाच क्षणी येतात आणि रेडिओ तर एकच. कोणती ऐकायची, कोणती सोडायची, आणि सोडलेली पुन्हा कशी पकडायची, हे सोडवणे निपुण माणसालाही घाम फोडणारे काम होते. ते करणाऱ्या अभियंत्याला पेटंट मिळाले, तर 'यात काय मोठेसे' म्हणणाऱ्याला मी गप्प बसवीन. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही फोन सारखेच दिसतील. भेद आत आहे. म्हणून वस्तूकडे पाहून निवाडा होत नाही, दावा वाचावा लागतो.

विरुद्ध बाजूचे उदाहरणही पाहू, नाहीतर हा धागा पेटंटविरोधी वाटायचा. सेल्फी स्टिक. मिनोल्टा कंपनीतला हिरोशी उएदा हा जपानी अभियंता युरोपच्या सहलीवर असताना त्याने एका मुलाला आपला फोटो काढायला सांगितले आणि तो मुलगा कॅमेरा घेऊन पळाला, असे त्याने पुढे सांगितले आहे. मग त्याने आखडणारी-लांबणारी काठी बनवली. आपण चौकटीत आहोत की नाही हे कळावे म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी आरसा आला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सहकारी युजिरो मिमा याच्यासह त्याने पेटंटही घेतले. वस्तू खपली नाही. १९९५ मध्ये विनोदी, निरुपयोगी जपानी शोधांच्या एका पुस्तकात ती जाऊन बसली. २००३ मध्ये पेटंट संपले आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत ती काठी मरीन ड्राइव्हपासून रायगडाच्या होळीच्या माळापर्यंत पोहोचली.

उघड होती का ती? काठीला कॅमेरा बांधणे, एवढेच तर आहे. इंग्लंडमधील रग्बी गावच्या एका जोडप्याचा १९२५-२६ च्या सुमाराचा फोटोही प्रसिद्ध आहे. त्यात नवऱ्याच्या हातातली, कॅमेऱ्याकडे गेलेली काठी स्पष्ट दिसते. पण तो फोटो तेव्हा घरच्या आल्बममध्ये होता. छापला गेला नाही, कोणी पाहिला नाही, त्यावरून कोणी शिकले नाही. कायद्याच्या दृष्टीने असा फोटो पूर्वज्ञान ठरत नाही. प्रसिद्ध झालेले, लोकांपर्यंत पोहोचलेले तेवढेच पूर्वज्ञान. उलट ते विनोदी पुस्तक मात्र पूर्वज्ञान आहे. चेष्टेत छापले म्हणून काय झाले, छापले तर खरे. १९९५ नंतर कोणी 'काठीला कॅमेरा' एवढाच दावा घेऊन आला असता, तर ते पुस्तक त्याच्यासमोर ठेवता आले असते. कॅनडाच्या वेन फ्रॉमने २००० च्या दशकात आपल्या काठीचे पेटंट घेतले. अशा उशिरा आलेल्याला काठीवर नव्हे, काठीतल्या एखाद्या नव्या सांध्यावर किंवा पकडीवर उभे राहावे लागते. हेच योग्य आहे.

याच न्यायाने आपल्याकडचा एक आवडता रोगही तपासून घ्यावा. 'हे आमच्याकडे आधीच होते' हा तो रोग. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, ही कथा दरवर्षी नव्याने फिरते. समकालीन, तपासता येईल असा पुरावा तिच्यामागे आजवर उभा राहिलेला नाही. पण क्षणभर ती खरी धरली तरी पेटंटच्या कसोटीवर तिचे वजन शून्यच. पूर्वज्ञान म्हणून पुढे करावयाच्या कागदाला तारीख लागते, आणि तो वाचून जाणत्याला वस्तूपर्यंत पोहोचता आले पाहिजे. नुसता अभिमान पुरत नाही. 'कोणालाही सुचले असते' आणि 'आम्हाला आधीच सुचले होते' ही एकाच आळसाची दोन तोंडे आहेत, दोन्हींना कागद शोधायचा कंटाळा.

ही कसोटी परदेशातही सहजासहजी घडलेली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ मध्ये दारांच्या मुठींचा खटला ऐकला. मुठी पूर्वी लाकडाच्या व धातूच्या होत, कोणी त्या चिनी मातीच्या केल्या. न्यायालय म्हणाले, हे कुशल कारागिराचे काम, शोधकाचे नव्हे. १९४१ मध्ये मोटारीतल्या सिगारेट-लायटरच्या खटल्यात तेच न्यायालय दुसऱ्या टोकाला गेले आणि प्रतिभेची चमकच हवी म्हणाले. १९५२ च्या कायद्याने ती अपेक्षा बाजूला सारली. शोध चमकून सुचला की दहा वर्षे घासून, याच्याशी कायद्याला देणेघेणे नसावे हे बरेच झाले. घासून शोध लावणाऱ्यांवर तो अन्यायच होता.

आपला आधारस्तंभ त्याहून साधा आणि मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो भांड्यांच्या कारखान्यातून आला. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने भांडी लेथवर घट्ट धरून घासण्या-चकाकवण्याच्या युक्तीचे पेटंट १९५१ मध्ये घेतले होते. वाद सर्वोच्च न्यायालयात संपला तो डिसेंबर १९७८ मध्ये, सत्तावीस वर्षे! न्या. सरकारिया यांनी ते पेटंट टिकू दिले नाही, कारण ती कारखान्यातली नित्याची सुधारणा होती. त्या निकालाने दिलेली कसोटी आजही चालते. जुना कागद एका सक्षम कारागिराच्या हाती द्या. अडचण त्याला माहीत आहे, पण पेटंटातला उपाय माहीत नाही. तो कागद पाहून 'मला हवे ते यातच आहे' असे म्हणेल का? म्हणेल, तर शोध उघड.

ही कसोटी हाताला लागावी म्हणून एक घरगुती जोडवस्तू घेऊ. चकतीच्या काळ्या फोनला छोटे कुलूप लावत असत, आठवते? चकतीच्या एका भोकात ते बसे आणि मग चकती फिरत नसे. शेजाऱ्यांनी आणि पोरांनी परस्पर फोन फिरवू नये म्हणून. परंतु त्या फोनमध्ये चकती फिरताना होते काय, तर प्रवाह आकड्याइतक्या वेळा तुटतो. रिसीव्हर ठेवायची दांडी तितक्याच वेळा ठेक्यात दाबली तरी प्रवाह तसाच तुटतो. म्हणून जाणती पोरे कुलूप शाबूत ठेवून दांडी टिचकावत नंबर लावत. आता समजा कोणी चकतीला एकाऐवजी दोन कुलपे लावून पेटंट मागितले. ते अर्थातच मिळू नये. आणि कोणी असे साधन केले, की दांडीच्या टिचक्या आणि चकतीचे ठोके यांतला फरक ओळखून फक्त टिचक्या अडवील? दिसायला तेही फोनला जोडलेले डबडेच. पण येथे कारागिराला जुन्या कागदावरून उत्तर मिळत नाही. त्याला काही तरी नवे करावे लागते. मी निवाडा करत असतो तर दुसऱ्याच्या बाजूने झुकलो असतो, अर्थात त्या तारखेची कागदपत्रे पाहूनच.

यात पणाला काय लागते? दोन सिमच्या पेटंटाने बंदरांत खेपा अडवल्या, तेव्हा त्या पेटंटाची खरी परीक्षा अजून व्हायचीच होती. पेटंट कार्यालयात मंजुरी मिळणे म्हणजे वैधतेची हमी नव्हे, असे आपला कायदाच सांगतो. शिवाय सहजसुचण्यासारखा नाजूक प्रश्न बंदरावरच्या अधिकाऱ्याने कंटेनर उघडून सोडवावा, ही अपेक्षाच अजब. जून २०१८ मध्ये सरकारने त्या नियमांतून पेटंट वगळले, ते उत्तम केले. पण दुसरी बाजू विसरू नका. तुर्भ्याच्या, महापेच्या औद्योगिक पट्ट्यात लहान गाळ्यांतून साचे आणि सुटे भाग बनवणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या खरोखर नवी पकड किंवा नवा सांधा घेऊन आला आणि मोठी कंपनी म्हणाली की 'यात काय मोठेसे', तर त्याच्या बाजूने उभा राहील तो केवळ तारखांचा हिशेब. पश्चातबुद्धी नेहमी साध्या वस्तूंवर अधिक तुटून पडते. गुंतागुंतीची यंत्रे तिला घाबरवतात, काठी आणि खोबण घाबरवत नाहीत. लहान शोधकांचे शोध बहुधा असेच साधे दिसणारे असतात.

आणि म्हणून तुम्हा दप्तरवेड्यांना एक कामाची गोष्ट सांगतो. पेटंट मंजूर होण्यापूर्वी त्याला हरकत घेण्याचा अधिकार कलम २५(१) ने कोणाही व्यक्तीला दिला आहे. त्यासाठी कंपनी असावे लागत नाही, वादाशी संबंधही लागत नाही. पुरावा म्हणून भारतात किंवा बाहेर, कोणत्याही भाषेत आधी छापलेला कागद चालतो. मराठीतलाही. रद्दीच्या दुकानात सापडलेला जुना यंत्रांचा कॅटलॉग, १९२० मध्ये सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे फाटके अंक, दूरध्वनी निर्देशिकेतल्या जाहिरातींची पाने, यांवर तारीख असेल आणि वस्तू नीट वर्णिलेली असेल, तर त्यांचे वजन परदेशी पेटंटाइतकेच पडू शकते. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. नेरूळहून हार्बरची गाडी पकडून गुरू तेग बहादूर नगरला उतरावे. जुने अंक चाळताना फोनच्या, घड्याळाच्या, सायकलीच्या जोडवस्तूंची जाहिरात दिसली, तर पानाबरोबर अंकाच्या तारखेचाही फोटो काढून या धाग्याखाली टाका. तारखेविना टाकलेले फोटो मी घेणार नाही.